डोरा म्हणा, नाहीतर डोळा

आपल्या वाडीत कामासाठी येऊन राहिलेल्या कितीतरी जणी भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या. तो मुलूख म्हणजे झाडीपट्टी, आणि तिथली बोली ती झाडीबोली. आमच्या गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "पोरगा शाळेत 'डोरा' बोलला, तर सगळे हसले. आता तो घरीही गप्प राहतो."

बायांनो, त्या लेकराचं काहीच चुकलं नाही. झाडीबोलीत ळ, ण, श हे उच्चार नाहीत. ळच्या जागी र येतो, णच्या जागी न, शच्या जागी स. म्हणून डोळ्याचा डोरा, पाण्याचं पानी, शेताचं सेत. जिला नियम आहे, ती बोली अशुद्ध कशी?

दूर म्यानमारच्या शान डोंगरांत तौंग्यो लोक राहतात. त्यांची बोली बर्मीचीच बहीण. बर्मीने काही शब्दांतला जुना 'ल' सोडला, यांनी तो जपला. बोलीत असं जुनं धन सापडतं.

आपल्याकडेही झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

लेकरांना पुस्तकातली मराठी यायलाच हवी. परीक्षेला, अर्जाला ती लागते. पण घरची बोली खोडू नका. "पुस्तकात डोळा लिहितात, आपल्या घरी डोरा म्हणतात," एवढंच सांगा. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या आजीचे पाच शब्द आणा. आपण ते वहीत उतरवू.