रिपॅकची वही

माउंटन बाइक कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत जन्माला आली, हे सायकलवेड्यांना नव्याने सांगायला नको. गॅरी फिशर, टॉम रिची, जो ब्रीझ ही नावंही त्यांना पाठ असतात, कारण तिघांच्या नावाने सायकली निघाल्या. चार्ली केलीच्या नावाने नाही. तो एका रॉक बँडचं सामान वाहणारा, मंच उभारणारा माणूस. माउंटन बाइकच्या उद्योगाच्या पायाशी त्याची एक वही आहे, आणि तिची म्हणावी तशी दखल आजवर घेतली गेलेली नाही.

फेअरफॅक्स गावाजवळ एक कच्चा, घसरडा रस्ता आहे. सुमारे दोन मैलांत तो तेराशे फूट खाली उतरतो. १९३०-४०च्या दशकांतल्या जाड टायरच्या श्विन सायकली भंगारातून उचलायच्या आणि या उतारावर सोडायच्या, हा तिथल्या पोरांचा नाद. पेडल उलटं दाबून लागणारा मागचा ब्रेक खाली पोहोचेपर्यंत इतका तापायचा, की हबमधलं ग्रीस धूर होऊन जायचं आणि नवं भरावं लागायचं. रस्त्याला ‘रिपॅक’ (पुन्हा भरणं) हे नाव त्यावरूनच पडलं.

सगळ्यात वेगवान कोण, यावर वाद होणारच. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तो शर्यत लावूनच मिटवायचं ठरलं. वेळ जुळवलेली दोन घड्याळं घेतली. एक वर, एक खाली. एकेकाला ठरावीक अंतराने सोडायचं आणि वेळ केलीने आपल्या वहीत टिपायची. पहिली शर्यत अॅलन बाँड्सने जिंकली. पुढे फिशरने ४ मिनिटं २२ सेकंदांचा विक्रम केला. तो अखेरपर्यंत मोडला नाही. ब्रीझ अवघे दोन सेकंद मागे राहिला.

या सेकंदांनीच सगळं बदललं. वेळ मोजली जात नव्हती तोवर जुनी फ्रेम वाकली, तुटली, तरी दुसरी शोधून काम भागत होतं. आकडे कागदावर उतरू लागल्यावर मात्र या उतारासाठीच बनवलेली सायकल हवीशी वाटू लागली. केलीने आधी क्रेग मिचेलकडून एक फ्रेम करून घेतली. ती मनासारखी उतरली नाही, तेव्हा त्याने सुटे भाग काढून पुन्हा श्विनवर चढवले. माउंटन बाइकच्या इतिहासात मिचेलच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ येते, हा अन्याय आहे. त्या फसलेल्या फ्रेमनंतरच केलीने ब्रीझला गळ घातली. १९७७मध्ये ब्रीझने क्रोम-मॉली पोलादाच्या नळ्यांची फ्रेम जोडली, तिच्यावर सगळे भाग नवे चढवले आणि तीच सायकल घेऊन रिपॅक जिंकली. १९७८पर्यंत अशा दहा सायकली झाल्या. पहिली आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

१९७९मध्ये फिशर आणि केलीने मिळून ‘माउंटनबाइक्स’ ही कंपनी काढली, फ्रेम रिचीच्या. हे नाव आपल्यापुरतं राखून ठेवायचा त्यांचा प्रयत्न फसला. दोघांचं नुकसान झालं खरं, पण शब्द सगळ्यांसाठी मोकळा राहिला, हे फार बरं झालं. १९८१मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेली ‘स्टम्पजंपर’ बाजारात आणली, आणि हातांनी फ्रेम जोडणाऱ्यांचा हा प्रांत कारखान्यांच्या हाती जाऊ लागला.

दरम्यान केलीच्या हातात वहीऐवजी नियतकालिक आलं होतं. १९८०मध्ये डेनिस कारामाग्नो हिने आणि त्याने मिळून ‘फॅट टायर फ्लायर’ सुरू केलं. फक्त माउंटन बायकिंगला वाहिलेलं हे जगातलं पहिलं नियतकालिक. सुरुवातीचे अंक म्हणजे झेरॉक्स काढून दुमडलेले कागद. पण लिहिणारे स्वतः त्या मातीत आपटलेले होते, आणि मजकुरात ते दिसायचं. कारामाग्नोचं नाव केलीच्या मागे झाकलं जातं, तसं व्हायला नको. हे नियतकालिक तिचंही तितकंच होतं.

१९८३मध्ये फिशर आणि केली वेगळे झाले. फिशरने आपल्या नावाने सायकली काढल्या. ‘फ्लायर’ १९८७पर्यंत चाललं. तोवर ‘माउंटन बाइक अॅक्शन’सारखी गुळगुळीत कागदावरची, जाहिरातींनी भरलेली मासिकं उभी राहिली होती. कोट्यवधींच्या उद्योगाची पहिली नोंद ठेवणारा केली पुढे पियानो हलवण्याच्या धंद्यावर पोट भरत राहिला. २०१४मध्ये रिपॅकवरचं त्याचं पुस्तक आलं; त्याला त्याने नाव दिलं ‘फॅट टायर फ्लायर’.