अद्भुतकथेतील रक्तशुद्धीची कल्पना : हॅरी पॉटर मालिकेच्या संदर्भात

बालकुमारांसाठी लिहिलेल्या अद्भुतकथेत व्यक्तीची योग्यता पुष्कळदा जन्मावरून ठरते. गरिबाघरी वाढलेला नायक अखेरीस राजपुत्र निघतो आणि त्याच्या गुणांचा उगम त्याच्या कुळात सापडतो. लोककथेकडून आलेला हा संकेत निरुपद्रवी वाटला, तरी श्रेष्ठत्व रक्तातून उतरते ही धारणा त्याच्या मुळाशी असते. जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेने (१९९७–२००७) ही धारणाच कथेचा विषय केली. तिचे निराकरण या मालिकेत कितपत होते, हा येथील प्रश्न आहे.

मालिकेच्या दुसऱ्या पुस्तकात (१९९८) हर्मायनीला ‘मडब्लड’, म्हणजे चिखलाच्या रक्ताची, अशी शिवी दिली जाते. तिचे आईवडील जादूगार नसून दंतवैद्य आहेत, एवढाच तिचा दोष. हॅरीला या शब्दाचा अर्थ ठाऊक नसतो. तो त्याला समजावून सांगावा लागतो. पूर्वग्रह उपजत नसतो, तो भाषेबरोबर शिकवला जातो, हे बालवाचकाला हॅरीच्या अज्ञानातून उमगते.

रक्तशुद्धीचे खंडन उपदेशाने नव्हे, तर कथानकातील वस्तुस्थितीने होते. हर्मायनी वर्गात सर्वांच्या पुढे असते. उलट जादूगार आईबापांच्या पोटी जादूहीन ‘स्क्विब’ जन्मतात. शुद्ध रक्ताचा कैवारी व्होल्डेमॉर्ट स्वतः जादूहीन पित्याचा मुलगा आहे. त्याच्या आईचे गाँट कुळ चुलतभावंडांतील विवाहांमुळे दारिद्र्य आणि विकृतीच्या गर्तेत गेले आहे. ब्लॅक घराण्याच्या वंशवृक्षपटावरून तर कुळाबाहेर विवाह करणाऱ्या मुलीचे नाव जाळून टाकलेले दिसते. शुद्धता ही मुळात अस्तित्वात नसते. बहिष्काराने ती निर्माण करावी लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ च्या निबंधात अंतर्विवाह हेच जातिसंस्थेचे मर्म असल्याचे दाखवले होते. त्यामुळे ब्लॅक घराण्याची ही रीत मराठी वाचकाला परकी वाटत नाही.

सातव्या पुस्तकात (२००७) पूर्वग्रहाला शासनसत्तेचे बळ मिळते. जादूहीन कुटुंबांत जन्मलेल्यांना नोंदणी आयोगापुढे उभे केले जाते आणि जादूगार आप्त दाखवता न आल्यास त्यांनी जादू चोरली असे मानले जाते. येथे नात्झी जर्मनीतील १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांचे स्मरण अपरिहार्य ठरते. त्या कायद्यांची भाषा रक्ताची होती. परंतु ज्यू कोण हे ठरवताना आजी-आजोबा कोणत्या धर्मसमुदायाचे होते हेच पाहिले जाई. रक्तात भेद सापडत नसल्याने पुरावा कागदपत्रांतच शोधावा लागला.

तथापि मालिकेच्या रचनेत एक अंतर्विरोध राहतो. रक्ताची शुद्धता खोटी ठरली, तरी जादू ही जन्मजातच राहते. हॅरीची मावशी पेट्यूनिया लहानपणी आपल्यालाही प्रवेश मिळावा म्हणून जादूविद्यालयाच्या मुख्याध्यापकांना पत्र लिहिते. तिची विनंती नाकारली जाते. तिची सख्खी बहीण लिली मात्र त्याच विद्यालयात शिकते. परिश्रमाने किंवा इच्छेने हे दार उघडत नाही. गृहसेवक ‘एल्फ’ जमातीचे दास्यही अखेरपर्यंत संपत नाही. चौथ्या पुस्तकात (२०००) हर्मायनीने त्यांच्यासाठी उभारलेली चळवळ बहुतांशी थट्टेचा विषय होते. युद्ध जिंकल्यावरही हॅरीच्या मनात येते ते आपल्या सेवकाने खाणे आणून द्यावे, हे.

म्हणून या मालिकेचे प्रतिपादन आणि तिच्या कल्पितविश्वाची घडण यांचा विचार वेगवेगळा करणे आवश्यक आहे. प्रतिपादन रक्तशुद्धी निःसंदिग्धपणे नाकारते. घडण मात्र जन्मदत्त अधिकाराचा जुना संकेत पूर्णपणे सोडत नाही. मालिकेच्या नैतिक सामर्थ्याला यामुळे बाध येत नाही. पण हर्मायनीचा अपमान वाचकाला जितका जाणवतो, तितकी पेट्यूनियाची वंचना का जाणवत नाही, याचे उत्तर या संकेतात सापडते.