चाकूच्या दोरीवरची नक्षी

शिडाच्या जहाजावर डोलकाठीवर चढलेल्या खलाशाच्या हातून चाकू निसटला, तर तो खाली डेकवरच्या माणसाच्या डोक्यात जाऊ शकतो. लॅनयार्डचं, म्हणजे चाकूच्या दोरीचं, मूळ काम एवढंच: चाकू गळ्याशी किंवा कमरेशी अडकवून ठेवायचा. त्यावर नक्षीच्या गाठी आल्या त्या मात्र रिकामपणातून. अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डच्या, देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांवर हा रिकामपणा भरपूर. सफर तीन-चार वर्षांची, होड्या वल्हवायला माणसं खूप, आणि मासा दिसेपर्यंत हाताला काम नाही.

१९०४ साली तिथलाच तरुण चित्रकार क्लिफर्ड ॲश्ली अशाच ‘सनबीम’ या जहाजावर चढला. निमित्त मासिकातल्या लेखांचं होतं. गाठींचा नाद मात्र लहानपणापासूनचा. पुढे १९२४ मध्ये ‘वाँडरर’ हे जहाज न्यू बेडफर्डहून निघालं आणि लगेच वादळात खडकांवर फुटलं. शिडांवरची ती शिकार तेव्हा संपल्यातच जमा होती. ॲश्लीने ११ वर्षं खपून ३,८०० च्या वर गाठी क्रमांक देऊन चितारल्या. ‘द ॲश्ली बुक ऑफ नॉट्स’ १९४४ साली निघालं.

त्यातली ७८७ क्रमांकाची गाठ चाकूच्या लॅनयार्डची. दोरी दुमडून दोन पदर करायचे आणि एकमेकांत वर-खाली ओवून सैल जाळी विणायची. मग प्रत्येक टोक फाशाच्या पदराला वळसा घालून मधल्या चौकोनातून वर काढायचं. इथवर कुणालाही जमतं. कस लागतो तो आवळताना. नुसती टोकं ओढली की सगळा गुंता. एकेका पदराची ढील क्रमाने पुढे सरकवत नेली, तरच टपोरा, चारी बाजूंनी सारखा मणी बसतो.

मधल्या काळात स्काउटांनी ही कला गळ्यात घातली. १९७८ मध्ये एडवर्ड हंटर यांच्या ‘नव्या’ गाठीची बातमी लंडनच्या ‘टाइम्स’ने पहिल्या पानावर छापली. तीच गाठ गिर्यारोहणाच्या एका पुस्तकात २५ वर्षं आधीच छापून आल्याचं मागाहून निघालं! त्या गडबडीतूनच गाठवेडे एकमेकांना सापडले आणि १९८२ मध्ये त्यांचा आंतरराष्ट्रीय संघ उभा राहिला.

आता जमाना पॅराकॉर्डचा. पॅराशूटची ही नायलॉनची दोरी ५५० पाउंड, म्हणजे सुमारे २५० किलो ताण सोसते. रंग हवे तितके. तिची ब्रेसलेटं ‘संकटात उसवून वापरा’ म्हणून विकतात. संकटात ती उसवत बसायला सवड कुणाला असते, देव जाणे. शिवाय नायलॉन गुळगुळीत, पदर आपसूक सरकतात. शिकणाऱ्याला सोपं, पण मणी पुढे ढिला पडतो. सुती दोरी बोटं सोलते, पण आवळलेला मणी सोडवायला सुईच लागते.