गट सगळ्यांचा, हक्क एकेकीचा



मागच्या बैठकीत एका ताईंनी आनंदानं सांगितलं, की त्यांची लेक बारावीनंतर पाच वर्षांच्या वकिलीच्या कोर्सला गेली. लगेच कुणीतरी विचारलं, "काय शिकवतात गं तिथं? नुसती कलमं पाठ करायची का?" म्हणून या अंकात त्यातल्या एका विषयाची माहिती घेऊ. तो म्हणजे राज्यघटनेतले मूलभूत हक्क.

हे हक्क राज्यघटनेच्या तिसऱ्या भागात, कलम १२ ते ३५ मध्ये आहेत. ते शिकताना दोन प्रश्न नेहमी विचारावे लागतात.

पहिला प्रश्न, हक्क कुणाचा? रेशनकार्ड कुटुंबाचं असतं, बचत खातं गटाचं असतं. पण कायद्यापुढं समानता (कलम १४) आणि जगण्याचा व स्वातंत्र्याचा हक्क (कलम २१) हे प्रत्येक व्यक्तीचे आहेत. घरात पाच माणसं असतील, तर पाचही जणांचा हक्क वेगवेगळा. नवऱ्याच्या हक्कात बायकोचा धरलेला नाही.

दुसरा प्रश्न, हक्क कुणाविरुद्ध? मुख्यतः शासनाविरुद्ध. त्यात सरकार, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत सगळं आलं. केवळ बाई आहे म्हणून एखाद्या कार्यालयानं अर्ज नाकारला, तर कलम १४ आणि १५ चा भंग होतो. घरात मारहाण होत असेल, तर त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे.

वकिलीच्या विद्यार्थ्यांना एक निकाल हमखास अभ्यासाला असतो, 'विशाखा' खटल्याचा. त्याची सुरुवात एका खेड्यातल्या बाईपासून झाली. राजस्थानात भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारी महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' होत्या, म्हणजे गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्या. १९९२ मध्ये त्यांनी एक बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला. त्या रागातून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. खालच्या कोर्टानं १९९५ मध्ये आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं.

कामाच्या जागी बाईला सुरक्षा देणारा वेगळा कायदा तेव्हा नव्हताच. महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९७ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ म्हणजे समानतेच्या आणि सन्मानानं जगण्याच्या हक्काचा भंग आहे. पुढं २०१३ मध्ये त्यावर कायदा झाला. आज दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी किंवा खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायकांनाही. तक्रार शक्यतो तीन महिन्यांच्या आत, लेखी द्यावी.

हे सगळं कळायला वकीलच व्हायला हवं असं नाही. एवढं लक्षात ठेवा:

• साहेब तोंडी "होणार नाही" म्हणाले, तर परत फिरू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकाराचं कारण लेखी मागा.
• कोर्टात जायची वेळ आली, तर बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

हक्क एकेकीचा असला, तरी तो मागायला एकटीनं जायची गरज नाही. सोबतीला गट आहेच. पुढच्या बैठकीत हे पान मोठ्यानं वाचा. जिला वाचता येत नाही, तिच्यापर्यंतही पोचलं पाहिजे.