अंगालगतचा थर

डिसेंबर उजाडला की ओळखीतल्या ट्रेकर मंडळींचे फोन सुरू होतात. ‘चादरला निघालोय, जॅकेट कोणतं घेऊ?’ जॅकेटचं नंतर बघू, आधी आत काय घालणार ते सांगा, हे माझं ठरलेलं उत्तर. चादर म्हणजे लडाखमधल्या गोठलेल्या झंस्कार नदीवरचा ट्रेक. तिथं रात्री पारा उणे २० अंशांपर्यंत, कधी त्याच्याही खाली उतरतो. पण माणूस गारठतो तो बहुतेक वेळा दिवसाच्या घामामुळे. ऊन लागतं, पाठीवर सॅक असते, अंगात तीन-तीन जाकिटं असतात आणि तासाभरात पाठ ओली होते. मग सावलीत शिरलं, चहाला थांबलं, की हुडहुडी भरते. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं. त्यामुळे थंडीतली खरी लढाई ओलीशी असते आणि ती अंगाला चिकटलेल्या पहिल्या कपड्यातच जिंकायची असते.

एकदा चादरच्या वाटेवर टिब गुहेपाशी मुक्कामाला पोचल्यावर आमच्यातल्या एकानं थर्मलच्या आतला सुती टी-शर्ट काढून दोरीवर टाकला. जेवण होईस्तोवर त्याच्या बाह्या लाकडासारख्या कडक झाल्या होत्या. सूत घाम पितं आणि धरून बसतं. आपल्या बाजारात ‘थर्मल’ म्हणून मिळणाऱ्या कितीतरी जोड्यांत सुताचं प्रमाण भरपूर असतं. नाशिकच्या थंडीला त्या उत्तम, लडाखला नेऊ नयेत. लेबल वाचूनच पैसे द्यावेत.

पॉलिएस्टर आणि पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ पीतच नाहीत, लवकर वाळतात आणि स्वस्तही पडतात. फक्त दोन दिवसांत त्यांना असा वास मारतो की तंबूतल्या सोबत्यांची कीव यावी. मेरिनो लोकरीचं तसं होत नाही. ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. शिवाय बाष्प शोषताना थोडी ऊबही सोडते. आपल्या धनगराला हा गुण पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. भर पावसात घोंगडीची खोळ घेऊन तो मेंढरांमागे उभा असतो, तो काही उगाच नाही. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, अंगाला टोचणारी. मेरिनोचा तंतू साधारण १७ ते १९ मायक्रॉनचा, म्हणून तो उघड्या कातडीवर खपतो. चांगथांगच्या बकरीचा पश्मिना याहूनही तलम असतो, पण त्याची बनियन करून वर सॅकचे पट्टे घासणं हा त्या धाग्यावर अन्याय आहे.

आणि आता माझी सर्वांत लाडकी वस्तू : जाळीची बनियन. १९३३ साली हेन्रिक ब्रुन या नॉर्वेच्या लष्करी अधिकाऱ्यानं मासेमारीच्या जुन्या जाळ्यांपासून ती पहिल्यांदा करून पाहिली. १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेच्या कपड्यांतही जाळीच्या बनियन होत्या. पहिल्यांदा हातात घेतली की कुणालाही वाटतं, ही कसली ऊब देणार! करंगळीचं टोक जाईल एवढाली भोकं. खांद्यावर तेवढी सलग कापडाची पट्टी, सॅकचा पट्टा रुतू नये म्हणून. पण सगळी करामत त्या भोकांतच आहे. वर अंगाबरोबर बसणारा दुसरा थर घातला की प्रत्येक भोकात हवा कोंडली जाते, आणि स्थिर हवेइतकी ऊब राखणारं दुसरं स्वस्त काहीच नाही. घामाची वाफ भोकांतून सरळ वरच्या थरात निघून जाते आणि कातडीला ओलं कापड जवळपास लागतच नाही. चढणीवर वरच्या थराची गळ्याची झिप उघडायची, आतली गरम हवा बाहेर पडते. थांबलं की झिप लावायची. अंगातला एकही कपडा न काढता ऊब कमी-जास्त करता येते, ही सोय मला दुसऱ्या कुठल्याही थर्मलमध्ये सापडलेली नाही. मात्र वरचा थर ढगळ असेल तर हवा कोंडत नाही आणि पैसे वाया जातात. आपल्याकडे ती दुकानात सहसा दिसत नाही. परदेशातल्या भाच्या-पुतण्यांना आधी सांगून ठेवावं.

बाकीच्या थरांचं थोडक्यात : त्यावर फ्लीस, थांबल्यावर पिसांचं जॅकेट आणि वारा अडवायला सर्वांत बाहेर पातळ कवच. यावर माहिती हवी तेवढी मिळते.

खरेदी करताना माप अंगासरशी घ्यावं, पण काखेत आणि गुडघ्यात आवळणारं नको. सतत चालणाऱ्यानं पातळ विणीचं घ्यावं. बसून पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यानं जाड. पायांना विसरू नये. वरचं भारी आणि खाली जुनी ट्रॅकपँट, अशी मंडळी मी दरवर्षी पाहतो. झोपण्यासाठी दुसरा कोरडा जोड हवाच. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी ठेवावा आणि मुक्कामाला पोचल्या पोचल्या, अंग अजून गरम आहे तोवर बदलावा. जेवणानंतर बदलू म्हणणारा गारठलेल्या अंगानं स्लीपिंग बॅगमध्ये शिरतो आणि बॅग कितीही महागडी असली तरी त्याला ऊब यायला मध्यरात्र उलटते.