विश्लेषण : टीसीएल की टीसीसीए? घरच्या जलतरण तलावात नेमके काय टाकायचे?

बदलापूर-वांगणी पट्ट्यात शनिवार-रविवारसाठी भाड्याने मिळणाऱ्या शेतघरांत छोटा जलतरण तलाव आता गृहीतच धरला जातो. अंबरनाथ, उल्हासनगरच्या काही नव्या संकुलांतही तो असतो. पाण्याची जबाबदारी मात्र बहुधा माळ्यावर किंवा रखवालदारावर पडते आणि मालकाची सूचना फोनवरून येते, ‘थोडी पावडर टाक’. कोणती पावडर, हे कोणी विचारत नाही. धोका तिथेच आहे.

नावे सारखी, मग फरक काय?

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. पोत्याचे तोंड उघडे राहिले की दमट हवेत तो झपाट्याने घटतो. टीसीसीए म्हणजे ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल. ते बहुधा पांढऱ्या गोळ्यांच्या रूपात मिळते, सावकाश विरघळते आणि त्यात सुमारे ९० टक्के क्लोरीन असतो. ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल तलावात २१,६०० लिटर पाणी मावते. त्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन वाढवायला ताजी टीसीएल सुमारे ६५ ग्रॅम लागते, टीसीसीए २४ ग्रॅम.

गोळी सोयीची, मग अडचण कुठे?

गोळीसोबत सायन्युरिक आम्ल पाण्यात उतरते. थोड्या प्रमाणात ते उपयोगी असते, कारण उन्हात क्लोरीन टिकवते. पण ते उडून जात नाही, साचत राहते. रोज लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन गोळ्यांतून दिला, तर ५० दिवसांत सुमारे ६० मिलिग्रॅम सायन्युरिक आम्ल जमते. चाचणीत क्लोरीन दिसतो, त्याचे काम मात्र मंदावते आणि भिंतींवर शेवाळ धरते. अशा वेळी आणखी गोळ्या टाकणे हा उपाय नव्हे. काही पाणी बदलावेच लागते. उन्हाळ्यात टँकरवर भागवणाऱ्या या भागात वरचा तलाव पूर्ण भरायला १० हजार लिटरचे दोन टँकरही पुरत नाहीत. म्हणून वर्षभर केवळ गोळ्यांवर तलाव चालवणे शहाणपणाचे वाटत नाही. अधूनमधून टीसीएल किंवा द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट वापरावे.

टीसीएल मात्र थेट तलावात ओतू नये. प्लास्टिकच्या बादलीत पाणी घेऊन त्यात ती कालवावी, चुना तळाशी बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी संध्याकाळी, कोणी पोहत नसताना सोडावे.

चाचणी कोणती?

अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेनुसार तलावात मुक्त क्लोरीन लिटरमागे किमान १ मिलिग्रॅम हवा, सायन्युरिक आम्ल असल्यास किमान २, आणि पीएच ७ ते ७.८. टीसीएल पीएच वाढवते, टीसीसीए कमी करते. पीएच ८ झाला की क्लोरीनचा जेमतेम चतुर्थांश भाग प्रभावी रूपात उरतो. आपल्याकडची ओळखीची ओटी चाचणी पिवळा रंग दाखवते, पण ती एकूण क्लोरीन मोजते. मुक्त क्लोरीनसाठी डीपीडी संच घ्यावा. आणि ‘क्लोरीनचा वास येतोय, म्हणजे पाणी स्वच्छ’ हा समज उलटा आहे. तो उग्र वास घाम आणि लघवीशी संयोग झालेल्या क्लोरीनचा असतो.

जकुझीला हेच चालेल?

नाही. गरम पाण्यात क्लोरीन लवकर संपतो, म्हणून तिथे किमान ३ मिलिग्रॅम लागतो. सायन्युरिक आम्ल असलेली रसायने सीडीसी तिथे नकोच म्हणते.

सर्वात मोठी चूक कोणती?

एकाच बादलीत, डब्यात किंवा तरंगत्या पात्रात टीसीएल आणि टीसीसीए एकत्र करणे. किंचित ओलावा लागला तरी त्यातून विषारी वायू निघतो, आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. फरशी धुण्याचे ॲसिड यांपैकी कशावरही पडले की क्लोरीन वायू सुटतो. दोन्हींसाठी वेगळी बादली, वेगळे माप आणि वेगळी कोरडी, हवेशीर जागा ठेवावी. रसायन नेहमी पाण्यात टाकावे, रसायनावर पाणी ओतू नये. डब्यांवर ‘पावडर’ आणि ‘गोळी’ असे मराठीत ठळक लिहावे आणि फोनवर सांगतानाही हीच नावे वापरावीत. टीसीएल, टीसीसीए ही आद्याक्षरे ऐकताना सहज गोंधळ होतो.