चुलवाणाची परीक्षा

श्रोतेहो, गूळ कसा होतो हे गारगोटीकरांना सांगावयास आम्ही उभे राहिलेलो नाही. ते तुम्हीच आम्हांला शिकवावे. आम्ही बोलणार आहोत ते काहिलीखालच्या चुलवाणाविषयी आणि त्याच्या तोंडाशी बसणाऱ्या जळव्याविषयी. जळण पुरले नाही की दोष त्याच्या माथी येतो. एका गुऱ्हाळावर याच कारणाने जळव्याची मजुरी कापलेली आम्ही पाहिली. भांडलो खूप, पण हाती पुरावा नव्हता. पुरावा वजनकाट्यावर मिळतो, हे आम्हांला फार उशिरा कळले.

हिशेब साधा आहे. काहिलीत १००० किलो रस ओतला आणि २०० किलो गूळ निघाला, तर ८०० किलो पाण्याची वाफ झाली. उकळत्या पाण्याच्या एका किलोची वाफ करावयास सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता लागते. रस उकळीला आणण्याची उष्णता मिळवली, की एका आदणास ढोबळमानाने ५ लाख किलोकॅलरी हव्यात. वाळके चिपाड किलोमागे साडेतीन हजार तरी देते. म्हणजे काहीच वाया न गेल्यास दीडशे किलोच्या आत आदण उतरावे. आता आपल्या गुऱ्हाळावर तोलून पाहा. साडेचारशे किलो जळले असेल, तर रसाला तीन वाट्यांपैकी एकच वाटा पोचला.

उरलेले दोन वाटे गेले कोठे? जळव्याच्या खिशात तर खास नाहीत! चिपाड तापले की त्याचा बहुतेक भाग वायू होऊन निघतो. त्या वायूला जळावयास हवा पाहिजे, जागा पाहिजे आणि थोडा वेळ पाहिजे. काहील जाळाच्या फार जवळ असेल, तर ज्योत तिच्या बुडाला लागून थंडावते आणि काजळी धरते. धुरांड्यातून काळा धूर निघतो, तो न जळलेले जळणच होय.

धुराचा नमुना तपासला की दोष नेमका सापडतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड भरपूर आढळला, तर हवा कमी पडते किंवा नीट मिसळत नाही. प्राणवायूच फार शिल्लक असला, तर नको तेवढी थंड हवा आत शिरून उष्णता घेऊन जाते आहे. धूर फार तापलेला असेल, तर तीही काहिलीचीच उष्णता समजावी.

परीक्षेत एक लबाडी नकळत होते. फिनलंड, रशियासारख्या थंड मुलुखांत घर उबदार ठेवण्यासाठी जाड विटांच्या शेगड्या बांधतात. तास-दोन तास जोराचा जाळ केला की भिंती पुढे कित्येक तास ऊब देतात. तेथे भिंतीने उष्णता पिणे हाच फायदा. आपल्याकडे तोच तोटा. दिवसाचे पहिले आदण थंड चुलवाणावर चढते, म्हणून त्याला जळण अधिक लागते. तेव्हा पहिल्या आदणाची तुलना तिसऱ्याशी करू नये; जळव्याच्या मजुरीचा प्रश्न असेल तर मुळीच नाही.

चिपाडाच्या ओलीचेही तेच. घाण्यातून निघालेल्या चिपाडात जवळजवळ निम्मे पाणी असते. पाऊस पडून गंजी भिजली, तर आधी तेच पाणी आटवावे लागते. म्हणून वहीत जळणाच्या वजनाशेजारी ते किती दिवस वाळले होते हेही लिहावे, आणि काट्यापाशी मालकाबरोबर जळव्यालाही उभे करावे.